लाखाच्या आतला गेमिंग पीसी: तुम्ही विचारलंत म्हणून

"ऐंशी-नव्वद हजारांत चांगला गेमिंग पीसी होईल का? आणि काय काय टाकू त्यात?" बारावी झालेली मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, पहिला पगार हातात आलेली ऑफिसातली पोरंही विचारतात. बहुतेकांनी तोवर एखाद्या दुकानातून कोटेशन आणलेलं असतं आणि माझ्याकडून "घे" किंवा "नको" एवढंच ऐकायचं असतं.

होतो, चांगला होतो. पण "घे" म्हणण्याआधी मला ते कोटेशन नीट वाचावं लागतं. हाती येणारा कागद साधारण असा असतो: आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ८ जीबी ग्राफिक्स, ५०० वॉट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. खाली एक गोल रक्कम.

यात एकाही वस्तूचं पूर्ण नाव नाही. आय५ कितव्या पिढीचा? इंटेल २००९ पासून आय५ विकत आलंय. "८ जीबी ग्राफिक्स", म्हणजे गेमचं चित्र पडद्यावर काढणारं कार्ड, तर त्याहून मोघम. २०१७चं आरएक्स ५८० ८ जीबीत मिळायचं आणि २०२५चं आरटीएक्स ५०६०ही ८ जीबीचंच आहे. दोघांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण जीबी हा कार्डाच्या मेमरीचा आकडा आहे, वेगाचा नाही. क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली जुनी कार्डं धुऊन-पुसून पुन्हा विकायला येतात, ती अशाच ओळींमागे दडलेली असतात. म्हणून दुकानदाराला आधी एवढंच सांगा की प्रत्येक ओळीपुढे कंपनी आणि मॉडेल नंबर लिहून द्या. जो लिहून देतो त्याच्याशी पुढे बोला. "सगळं सेमच असतं" म्हणतो, तिथून उठा.

आता निवड. सगळे कार्डापासून सुरुवात करतात; मी मॉनिटरपासून करायला सांगतो. १०८०पीच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख. म्हणजे प्रत्येक फ्रेमला, पडद्यावरच्या एकेका चित्राला, कार्डाला पावणेदोनपटीहून जास्त काम. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २सारखे वेगवान नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याला १०८०पी आणि १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलण्याच्या) वरचा मॉनिटर घेऊन प्रोसेसर दमदार ठेवणं फायद्याचं. सायबरपंक २०७७सारखे मोठ्या जगाचे गेम डोळे भरून पाहायचे असतील, तर पैसा कार्डात जायला हवा. दोन्ही हवं असेल तरी एकाला झुकतं माप द्या, नाहीतर या बजेटमध्ये दोन्हीकडे अर्धवट राहतं.

कार्डात माझी पसंती आज एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीला आहे, आणि तीही १६ जीबीच्या. हे कार्ड ८ जीबीतही मिळतं, नाव तेच, खोकंही सारखंच, तेव्हा बिलावर १६ लिहिलंय ना ते पाहा. कार्डाची मेमरी भरली की उरलेला माल साध्या रॅममधून ओढावा लागतो. मग सरासरी फ्रेम रेट बरा दिसत असूनही गेम अडखळतो, भिंतींवरची चित्रं पुसट होतात. चार-पाच वर्षं वापरायचं मशीन असेल तर ही तडजोड मला मान्य नाही. ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंगही करणाऱ्याने थोडे पैसे वाढवून आरटीएक्स ५०६० टीआय घ्यावं, पुन्हा १६ जीबीचंच. हात आखडताच असेल तर इंटेलचं आर्क बी५८० आहे, १२ जीबीचं. पण ते जुन्या मशीनमध्ये टाकू नका, नव्या प्रोसेसरशिवाय त्याची ताकद पुरती निघत नाही.

प्रोसेसरवर फार घोळ घालण्याची गरज नाही. एएमडीचा रायझन ५ ७६००: सहा कोर, खोक्यातच कूलर येतो, आणि त्याच्या एएम५ सॉकेटला (मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) २०२७पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ असं एएमडीने सांगितलंय. चार वर्षांनी बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येण्याची शक्यता त्यामुळे बरीच आहे. आय५ १२४००एफ स्वस्त पडतो आणि आजही छान चालतो, पण त्याचा सॉकेट १४व्या पिढीला संपला. शिवाय त्या "एफ"चा अर्थ असा की त्यात डिस्प्ले देणारं ग्राफिक्स नाही. कार्ड वॉरंटीत गेलं आणि दोन-तीन आठवडे आलंच नाही, तर मशीन बंद. ७६००मध्ये साधं ग्राफिक्स आतच असतं. गेम चालणार नाहीत, पण असाइनमेंट आणि ऑनलाइन लेक्चर अडत नाहीत. घरात एकच कॉम्प्युटर असेल तर ही गोष्ट फार मोलाची आहे.

रॅमचं मात्र बजेट नव्याने मांडावं लागेल. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरीचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रूशियल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओतली यादी घेऊन दुकानात गेलात तर हिशेब जुळणार नाही. १६ जीबी घ्यायची तर ८-८च्या दोन पट्ट्या घ्या, एकच १६ची नको; दोन असल्या की मेमरीची वाट दुप्पट रुंद होते. बोर्डावर चार स्लॉट असले तरी डीडीआर५मध्ये (आजच्या पिढीच्या रॅममध्ये) चारही भरल्यावर बहुधा वेग उतरवावा लागतो. म्हणून ओढाताण करून जमत असेल तर आत्ताच १६-१६ घेतलेली बरी. एसएसडी १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची), चांगल्या कंपनीची, बस्स. बोर्ड बी६५०चा साधा.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. कोटेशनमध्ये सगळ्यात जास्त काटछाट इथेच होते, कारण ग्राहक इथे बघतच नाही. कॅबिनेटबरोबर "फ्री" येणारं एसएमपीएस हातात आलं तर त्याच्या अंगावरचं लेबल वाचा. तिथे एक छोटा तक्ता असतो. मोठ्या अक्षरात ५०० वॉट छापलेलं असेल; तुम्ही +१२ व्होल्टचा रकाना शोधा आणि त्याखालच्या अँपिअरला १२ने गुणा. तिथे २५ अँपिअर असेल तर हाती आले ३०० वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवर घेतात, बाकीचे आकडे खोगीरभरती. वर सांगितलेल्या मशीनला ३०० वॉटच्या आसपास लागतं, पण कार्ड क्षणभर त्याच्या बरंच वर उसळी मारतं. म्हणून नावाजलेल्या कंपनीचं ५५० किंवा ६५० वॉटचं, निदान पाच वर्षं वॉरंटीचं घ्या. "८० प्लस ब्राँझ" असावंच, पण तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आतल्या संरक्षणाची हमी त्यात नाही.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं, अशी तक्रार मी फार ऐकतो. एसएमपीएसमधल्या फिल्टरची किंचित गळती अर्थिंगच्या वायरमधून जायला हवी. वायर नसली की ती पत्र्यावर साचते. जुन्या वाड्यांत, चाळींत, गावाकडच्या घरांत सॉकेट तीन पिनांचं आणि मागे वायर दोनच, असं सर्रास आढळतं. नवं मशीन लावण्याआधी वायरमनला बोलावून फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटर धरायला लावा. २३०च्या आसपास आकडा यायला हवा. यूपीएस घेताना व्हीएला वॉट समजू नका. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. मॉनिटर धरून १००० व्हीएच्या खाली उतरू नका.

कॅबिनेटला पुढे जाळी हवी, काच नको. परदेशी रिव्ह्यूमधलं तापमान वीस-बावीस अंशांच्या खोलीतलं असतं. मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात खोलीच ३८ अंशांवर असेल तर कार्डाच्या तापमानात तेवढाच फरक वरून मिळवा. आरजीबीच्या रंगीत दिव्यांचे पैसे वाचवून एक जादा पंखा लावलेला मला केव्हाही आवडेल.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडला करा, पुण्यात तपकीर गल्लीत करा की ऑनलाइन, बिल जीएसटीचं हवं आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर हवा. "बिल नको असेल तर कमी करतो" ही सवलत वॉरंटीच्या दारात महागात पडते.

जोडणी झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबलंत की काही मिनिटं पडदा काळाच राहील. डीडीआर५ रॅमची बोर्डाशी ओळख चाललेली असते. घाबरून प्लग काढू नका. मग बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सोय, चालू करा, नाहीतर ६०००ची रॅम ४८००वरच चालत राहते. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावा. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बदलायला विसरू नका. १६५ हर्ट्झचे पैसे भरून महिनोन्‌महिने ६०वर खेळणारी मुलं मी पाहिली आहेत.