किंडरडाइकचा दिवस: भारतातून आलेल्या मित्रांना नेदरलँड्स दाखवताना

भारतातून इथे येणाऱ्या मित्रांची यादी साधारण ठरलेली असते: ॲमस्टरडॅमचे कालवे, ट्युलिप, पवनचक्की, आणि वेळ उरला तर बेल्जियम. पवनचक्की बहुतेक जण झान्से स्खान्सला बघून येतात. जागा सुंदर आहे, पण तिथल्या चक्क्या मुख्यतः तेल गाळणाऱ्या, रंग दळणाऱ्या, लाकूड कापणाऱ्या. ज्यांनी पाणी उपसून ही जमीन राहण्याजोगी ठेवली त्या चक्क्या बघायच्या तर रॉटरडॅमजवळ किंडरडाइकला जायला हवं. पाहुण्यांकडे चारच दिवस असले तरी त्यातला एक अख्खा दिवस इकडे द्यावा, असं माझं ठाम मत आहे. समुद्रसपाटीच्या खाली माणसं इतकी निर्धास्त कशी राहतात, याचं उत्तर इथे डोळ्यांना दिसतं.

तयारी विमानात बसण्याआधी सुरू होते. इथे ट्रेन, मेट्रो, बस सगळीकडे बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टॅप करून चढता-उतरता येतं. मात्र भारतातली कार्डं परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहारांसाठी बरेचदा बंद असतात. ती बँकेच्या ॲपमधून चालू करून घ्यायला मित्रांना निघण्यापूर्वीच सांगा, कारण इथे आल्यावर ओटीपी भारतातल्या सिमवर जातो आणि रोमिंग नसलं की सगळं अडतं. व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं, रुपे इथे चालत नाही. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, नवरा-बायकोला एकाच कार्डावर प्रवास करता येत नाही. सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुढच्या गोष्टीत: जाताना कार्ड टॅप केलं आणि उतरताना तेच कार्ड जोडलेला फोन टॅप केला, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. एक प्रवास अर्धवट राहतो, दुसरा नव्यानं सुरू होतो आणि पैसे दोन्हीकडून कापले जातात. ज्यानं आत गेलात त्यानंच बाहेर पडा, हे प्रत्येकाला बजावून ठेवा.

तुमच्याकडे ट्रेनचं गर्दीबाहेरच्या वेळेतलं सवलतीचं सबस्क्रिप्शन असेल तर सोबतच्या तिघांना ४० टक्के सूट मिळते. त्यासाठी त्यांची तिकिटं ॲपमधून सहप्रवासी म्हणून काढावी लागतात. त्यांनी आपलं कार्ड टॅप केलं की पूर्ण भाडं लागतं. सोमवार ते शुक्रवार ही सूट सकाळी ६:३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६:३० या वेळात मिळत नाही, शनिवार-रविवारी दिवसभर मिळते. म्हणून सोमवार ते शुक्रवारमध्ये जाणार असाल तर मी सुचवेन: नऊनंतर निघा, आणि परतीची ट्रेन संध्याकाळी साडेसहानंतरची घ्या. मधला वेळ रॉटरडॅममध्ये सहज जातो.

ॲमस्टरडॅमहून वेगवान ट्रेननं रॉटरडॅम सेंट्राल साधारण चाळीस मिनिटांवर आहे. तिथून मेट्रोनं लूवेहाव्हन, आणि चालत एरास्मस पुलाच्या उत्तरेकडच्या टोकाशी वॉटरबसचा धक्का. उन्हाळ्याच्या मोसमात इथून किंडरडाइकला थेट बोट असते, एरवी वाटेत बदलावं लागतं. आदल्या दिवशी ९२९२ या ॲपवर त्या तारखेचं वेळापत्रक बघाच, आणि शेवटची परतीची बोट लिहून ठेवा. बोट चुकली तर बस आहे, पण वेळ बराच जास्त लागतो. बोटीत डावीकडे बसावं. वाटेत त्या बाजूला होलंडसे आयसेल नदी येऊन मिळते. तिच्यावर थोडं आत वरून खाली सोडायचा पोलादी दरवाजा आहे. १९५३च्या महापुरानंतर देशानं जी डेल्टा योजना आखली, तिच्यातलं हे पहिलं काम, १९५८चं. त्या पुरात, ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारीच्या रात्री, नेदरलँड्समध्ये १८३६ माणसं गेली. हा आकडा पाहुण्यांना बोटीवरच सांगावा. चक्क्या बघताना मग नजर वेगळी असते.

किंडरडाइकला एकूण १९ चक्क्या आहेत. एका रांगेत विटांच्या आठ गोल चक्क्या, १७३८च्या. समोरच्या रांगेत आठ अष्टकोनी, बोरूच्या गवतानं शाकारलेल्या, १७४०च्या. उरलेल्या तीन जरा बाजूला. १९९७पासून हा सगळा परिसर जागतिक वारसा आहे. दोन समोरासमोरच्या रांगा का, असा प्रश्न पाहुण्यांकडून येतोच. कारण पाणी दोन वेगवेगळ्या भागांतून येतं आणि दोन्हींचा कारभार वेगळा होता, म्हणून प्रत्येकानं आपापल्या चक्क्या बांधल्या.

त्यांचं काम समजावून सांगायला आपल्याकडचंच उदाहरण आहे. कोकणातल्या खारजमिनीत किंवा गोव्यातल्या खाजणात बांध घालून खाडीचं पाणी अडवतात. भरतीला मानशीचा दरवाजा बंद, ओहोटीला उघडा, आणि शेतातलं पाणी आपोआप वाहून जातं. इथेही सुरुवात अशीच झाली. पण इथली जमीन दलदलीच्या कुजक्या वनस्पतीची, म्हणजे पीटची. पाणी काढलं की ती आक्रसते, हवा लागली की कुजून आणखी खचते. शतकानुशतकं खचत खचत ती नदीच्या पातळीखाली गेली, आणि नुसता दरवाजा उघडून पाणी जाईना. ते उचलावं लागलं. चक्कीच्या पोटातलं वल्ह्यांचं चाक पाणी जेमतेम दीड मीटर वर चढवू शकतं, म्हणून काम टप्प्याटप्प्यानं होतं: शेतातून खालच्या तलावात, तिथून चक्क्यांनी वरच्या तलावात, आणि लेक नदीची पातळी उतरली की दरवाजे उघडून नदीत. वाटेवर उभं राहून दोन्ही तलावांच्या पातळ्यांतला फरक बोटानं दाखवा. माहितीफलकावरच्या चित्रापेक्षा तो लवकर कळतो. आज हे काम पंप करतात. प्रवेशाजवळच्या पंपघराचे प्रचंड स्क्रू बघायला थांबाच, कारण मुलांना चक्कीपेक्षाही ते जास्त आवडतात.

चक्क्यांमधली वाट सगळ्यांना मोकळी आहे. तिकीट लागतं ते संग्रहालय केलेल्या चक्क्यांना, पंपघराला आणि आतल्या बोटफेरीला. तिकीट ऑनलाइन आधीच घ्या. आतला जिना शिडीसारखा उभा असतो, उतरताना तोंड जिन्याकडे करून पाठमोरं उतरायचं. गुडघे दुखणाऱ्यांनी खालचीच खोली बघावी, भिंतीतलं कपाटवजा अंथरूण तिथेही दिसतं. फिरत्या चक्कीजवळ मुलांचा हात सोडू नका. इथली पाती जमिनीपासून फूटभरावरून जातात आणि बाजूनं येताना त्यांचा अंदाज येत नाही. बाकीच्या चक्क्यांतून लोक राहतात. खिडकीला पडदा नाही म्हणजे आत डोकवायची परवानगी आहे असं नव्हे, हेही आधीच सांगितलेलं बरं. लहान मुलांसाठी दंतकथा तयार ठेवा: १४२१च्या सेंट एलिझाबेथच्या पुरात एक पाळणा वाहत बांधाला लागला, आत बाळ होतं, आणि एक मांजर इकडून तिकडे उड्या मारत तोल सांभाळत होती.

शेवटच्या चक्कीपर्यंत जाऊन यायचं तर चालून दमायला होतं. सायकल उत्तम, पण पाहुण्यांना सरळ सायकलवर बसवू नका. इथल्या भाड्याच्या सायकलींना बरेचदा पायाचा ब्रेक असतो, पॅडल मागे फिरवलं की चाक थांबतं. आपल्याला पॅडल सहज उलटं फिरवायची सवय असते, आणि पहिला धडा त्यातच मिळतो. मोकळ्या जागी दहा मिनिटं सराव करून घ्या, सीट पाय टेकतील इतकी खाली घ्या, ओढणी किंवा पदर खोचून घ्या. वाहतूक उजवीकडून, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं. रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांची टोकं आपल्याकडे असतील तर थांबायचं आपणच. सायकल चालवताना फोन हातात धरला तर दंड आहे, आणि लाल रंगाच्या पट्ट्यावर, म्हणजे सायकलींच्या वाटेवर, फोटोसाठी उभं राहणं ही पाहुण्यांची सगळ्यात धोकादायक सवय.

छत्री आणू नका. बांधावरचा वारा ती पहिल्या झटक्यात उलटी करतो. टोपीचं वाऱ्या-पावसाचं जॅकेट हवं, अगदी जूनमध्येही. बाउएनराडार ॲपवर पुढच्या दोन तासांचा पाऊस दिसतो, त्याप्रमाणे आत जायची आणि बाहेर फिरायची वेळ ठरवा.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, नाहीतर मेथीचे ठेपले घरूनच घ्या, बाकांची कमी नाही. शाकाहारी पाहुण्यांना दोन गोष्टी माहीत असाव्यात. पारंपरिक डच चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं, म्हणून पाकिटावर वनस्पतीजन्य किंवा शाकाहारी असा उल्लेख शोधावा. आणि कासूफ्ले हा चीजचा तळलेला पदार्थ बरेचदा मांसाच्या पदार्थांच्याच तेलात तळतात. विचारलं तर दुकानदार खरं सांगतात. स्ट्रूपवाफल, म्हणजे पाकाचं सारण भरलेलं पातळ वाफल, मात्र गरमच खायला द्या, पाकिटातलं त्याच्यापुढे काहीच नाही.

परतल्यावर रॉटरडॅममध्ये दोन-तीन तास. १४ मे १९४०च्या बॉम्बहल्ल्यात शहराचा मध्यभाग नष्ट झाला, म्हणून तिथे जुनं ॲमस्टरडॅम शोधू नये. मार्क्टहाल हा छताखालचा बाजार आणि समोरची तिरकी घनघरं एकाच चौकाशी आहेत, त्यातलं एक घर आतून बघता येतं. एवढं पुरे.

मित्र इंजिनिअर असतील किंवा त्यांच्याकडे आणखी एक दिवस असेल तर हूक व्हान होलंडजवळचं माएस्लांट वादळद्वार दाखवा. १९९७चं काम. नदीच्या दोन्ही काठांवर प्रत्येकी २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच दरवाजा, समुद्राचं पाणी ठरलेल्या पातळीपेक्षा ३ मीटर चढणार असं दिसलं की संगणक दोन्ही मिटवून घेतो. २१ डिसेंबर २०२३ला ते खरोखर घडलं. हूकपर्यंत रॉटरडॅमची मेट्रो जाते, पण स्टेशनपासून माहितीकेंद्र लांब आहे, तिथेही सायकलच बरी. एरवी दरवाजे गोदीत उघडे पडलेले दिसतात. वर्षातून एकदा, बहुधा सप्टेंबरमधल्या एका शनिवारी, चाचणीसाठी ते पूर्ण मिटवतात आणि काठावर लोक बघायला जमतात. पाहुणे त्या महिन्यात येणार असतील तर चाचणीची तारीख बघूनच त्यांना विमानाची तिकिटं काढायला सांगा.