कप्पडकळीनंतरचा रविवार

गड्ड्यावरचे, म्हणजे यात्रेच्या मैदानावरचे, पाळणे अजून फिरत असतात, पण कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवायचा शेवटचा विधी, झाली की आमच्या लेखी सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा संपली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही बाळीवेशीजवळच्या आमच्या बोळात जमतो. मंडळ म्हणायला मोठं, काम एकच. यण्णीमज्जनाच्या दिवशी सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, ६८ लिंगांना तैलाभिषेक करत निघतात, तेव्हा मागून चालणाऱ्यांना सुगंधी दूध द्यायचं. चिटणीस मी, कारण वही दुसऱ्या कोणालाच नको असते.

दीपप्रज्वलन होतं, प्रास्ताविक होतं. १२ जानेवारी १९३१ ला, ऐन यात्रेच्या तोंडावर, येरवड्यात फासावर गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांसाठी एक मिनिट उभं राहतो. मग हिशोब. दुधाच्या खात्यावर दरवर्षी थोडं कमी पडतं, कोणीतरी खिशात हात घालतं, आणि विषय संपतो.

मी वाट बघत असतो ती अप्पांची. अप्पा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. गिरणी गेली, पण सांच्यांच्या आवाजावर आवाज चढवायची सवय गेली नाही, त्यामुळे त्यांना माईक लागत नाही. बाराबंदी घातलेली असते, बाहीला हळदीचा डाग. उठतात, पोरांकडे बघतात आणि आधी एकाला खेकसतात, "तोल कमरेत असतो बे, मनगटात नसतो!" डिसेंबरात रात्री सरावाला पोरं काठी कशी पेलत होती, ते सगळं त्यांच्या लक्षात असतं.

मग कुंभारकन्येची गोष्ट. सिद्धरामेश्वर, म्हणजेच सिद्धेश्वर, ध्यानाला बसत तिथं ती रोज झाडून, सारवून, रांगोळी काढायची. लग्नाचं विचारलं, तेव्हा महाराज म्हणाले, मी योगी, माझ्या योगदंडाशी लग्न लाव. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा त्याचाच. हे सगळ्यांना पाठ आहे. पण अप्पा होमाच्या रात्रीपाशी येतात, बाजरीच्या पेंढीला कुंभारकन्या मानून साडी नेसवून, मणी-मंगळसूत्र घालून ती अग्नीला देतात तिथं, आणि थांबतात. दरवर्षी तिथंच. घसा खाकरतात, चष्मा पुसतात आणि गोष्ट अर्धी सोडून कन्नड वचन म्हणायला लागतात.

मला कन्नड अर्धंमुर्धं कळतं. शेजारच्या पद्मशाली वहिनींना तेलुगू येतं, कन्नड नाही. अप्पा अर्थ सांगतात, पण तो दर वर्षी वेगळा असतो, तेव्हा त्यावर भिस्त नको. शेवटी मात्र सिद्धरामांची मुद्रा, म्हणजे वचनातली त्यांची सही, येते, 'कपिलसिद्धमल्लिकार्जुना', आणि ती आली की अख्खा बोळ न सांगता "हर्र" म्हणतो. माझ्या अंगावर काटा येतो. आजवर एकदाही चुकलेला नाही.

२०२१ ला यात्रा मोजक्या मानकऱ्यांत झाली, आमचा मेळावा फोनवर. पडद्यावर अप्पांचं फक्त कपाळ दिसत होतं, भस्माचे तीन पट्टे आणि वर पंखा. "हर्र" सगळ्यांचं मागं-पुढं आलं. तरी काटा आलाच.

यंदा खुर्च्या साठ मांडल्या, भरल्या पस्तीस. काठीसोबत फोटो काढायला हीच मंडळी दोन-दोनशे असतात. पुण्याला नोकरीला गेलेल्यांचं मी समजू शकतो, त्यांना सोमवारी हजर व्हायचं असतं. पण पलीकडच्या गल्लीतल्यांना कुठली गाडी गाठायची होती? नावं घेत नाही. वहीत आहेत.

आले नाहीत त्यांच्यापेक्षा राबले त्यांचं लिहितो, कोणी राहायला नको. पहाटे तीनला उठून बोळाच्या तोंडापर्यंत रांगोळी घालणाऱ्या दोघी मावश्या आणि त्यांना रंग पुरवणारी नात. दूध आटवणारे आचारी काका, ज्यांनी वेलदोड्याचे पैसे घेतले नाहीत. पातेली देणारा मंडपवाला, त्यातलं एक अजून आमच्याकडेच आहे. पेले गोळा करून पोत्यात भरणारी सातवीतली चार पोरं. हुग्गी (गव्हाची खीर) करणाऱ्या अक्का, आणि हुग्गीसोबत शेंगाचटणी हवीच म्हणून हट्टानं डबा आणणाऱ्या त्यांच्या जाऊबाई. वायर जोडणारा, सतरंज्या झटकणारा, अप्पांना जिन्यावरून हाताला धरून उतरवणारा त्यांचा नातू.

एवढं लिहून वही मिटली आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या आजी भेटल्या. दोन पिंपं पाणी त्यांच्याच नळाचं होतं. काही बोलल्या नाहीत, नुसतं "झाला का कार्यक्रम?" विचारलं. वही पुन्हा उघडली, समासात लिहिलं: पाणी, आजी.