सू, सुव आणि तोक्तोगुल

ताश्कंदच्या चोरसू बाजारात मी इस्तंबूलला शिकलेला ‘सू’ शब्द वापरून पाणी मागितलं. मधोमध ठसे उमटवलेले गोल नान रचणाऱ्या आजींनी हसत ‘सुव’ अशी दुरुस्ती केली अन् बाटली हातात ठेवली. किर्गिझ, कझाक भाषांतही हाच शब्द, थोड्या फरकानं.

गरज मात्र एक नाही. नारिन नदीवरचं तोक्तोगुल धरण किर्गिझस्तानात. तेल-वायू नावापुरतेच, म्हणून तिथे ऐन थंडीत विजेसाठी पाणी सोडतात. खालच्या उझबेक-कझाक शेतकऱ्यांना ते हवं उन्हाळ्यात. सोव्हिएत काळी वर कोळसा-वायू जायचा, खाली पाणी यायचं. १९९१ नंतर दरवेळी नव्यानं बोलणी. मला यात किर्गिझांची बाजू पटते.

समरकंदच्या गाडीतून, नारिनचं पाणी पुढे नेणारी सीर दर्या नदी ओलांडताना मी खिडकी सोडली नाही.