ऑक्टेव्हिया आरएस २४५ : पावसाळ्याआधी अठरावरून सतरावर

ब्रेक आणि सस्पेन्शनचे काम आटोपल्यावर टायरचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी घेतला, कारण रत्नागिरीत राहणाऱ्याला तो केवळ कॅटलॉग पाहून सोडवता येत नाही. २४५ अश्वशक्ती फक्त पुढच्या दोन चाकांतून रस्त्यावर उतरवणारी माझी ही स्कोडा ऑक्टेव्हिया मूळची २२५/४० आर१८ मापाच्या टायरवर येते, म्हणजे टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के आणि रिम १८ इंची. माझे बहुतेक चालवणे हातखंबा, पाली, साखरपा आणि पुढे आंबा घाट असे आहे. तिथे जूनपासून चार महिने रस्ता ओला असतो आणि वळणावळणावर डोंगरातून वाहून आलेली तांबडी माती पसरलेली असते.

मार्चमध्ये गाडी जॅकवर घेतली, तेव्हा डाव्या पुढच्या टायरच्या आतल्या बाजूला अर्ध्या लिंबाएवढा फुगा हाताला लागला. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात टायर चिमटला की आतले धागे तुटतात आणि हवा तेवढ्या जागेतून रबर बाहेर ढकलते. अशा टायरची दुरुस्ती होत नाही. मूळ मापात टायरच्या बाजूची उंची अवघी ९० मिलिमीटर आहे. २२५/४५ आर१७ घेतल्यास ती १०१ मिलिमीटर होते आणि चाकाचा एकूण व्यास ६३७ वरून ६३४ वर येतो, म्हणजे स्पीडोमीटरमध्ये अर्ध्या टक्क्याचाही फरक पडत नाही. स्टिअरिंग वळवल्यावरचा पहिला प्रतिसाद किंचित मऊ होईल हे मला मान्य होते. आपल्याकडच्या रस्त्यांवर ते ११ मिलिमीटर रबर मला अधिक मोलाचे वाटते. मित्राचे १७ इंची चाक आधी प्रत्यक्ष चढवून, कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबणारा भाग) आणि रिम यांच्यात बोट सहज फिरते याची खात्री केली आणि मगच १७ इंची वापरलेल्या रिमांचा संच घेतला. हे माप बदलू पाहणाऱ्यांनी ही पायरी कधीही गाळू नये.

रबराची निवड अधिक कठीण निघाली. टायरवर कोरलेली ‘एए’ ही ट्रॅक्शन (पकडीची) श्रेणी पाहून अनेक जण निश्चिंत होतात. परंतु ती ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरवलेली असते आणि वळणातली पकड किंवा पाण्यावर तरंगण्याची प्रवृत्ती तीत मोजलीच जात नाही. घाटात नेमके हेच दोन गुण हवे असतात. मिशलिन प्रायमसी ४ शांत आणि आरामदायी आहे, पण या गाडीच्या स्वभावाला मला तो सौम्य वाटला. कॉन्टिनेंटल मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी६ आणि मिशलिन पायलट स्पोर्ट ४ हे दोनच उरले. जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर निर्बंध आल्यापासून अशा टायरची उपलब्धता बेभरवशाची झाली आहे. एमसी६ चे चार नग सापडले खरे, पण त्यांपैकी दोनांवर ‘३१२२’ हा अंक होता, म्हणजे ते २०२२ सालच्या ३१व्या आठवड्यात तयार झालेले, तर उरलेले दोन पुढच्या वर्षीचे. एका गाडीला असा मिश्र संच मला नको होता, म्हणून आणखी पंधरा दिवस थांबून पायलट स्पोर्ट ४ घेतले. त्यांच्यावर ९४वाय असे लिहिलेले आहे : प्रत्येक टायरची भारक्षमता ६७० किलो आणि वेगमर्यादा ताशी ३०० किलोमीटर.

त्या वापरलेल्या रिमांवरचे टायर उतरवल्यावर खाऱ्या हवेची करणी दिसली. टायरची कड जिथे रिमवर बसते, त्या पट्ट्यावर ॲल्युमिनियमची पांढरी पूड धरली होती आणि बोटाने चोळली तर खरखर लागत होती. किनाऱ्यावरच्या गाड्यांची हवा आठवड्याला दोन-तीन पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) उतरते, त्याचे कारण पुष्कळदा पंक्चर नसून हेच असते. चारही रिम घासून पुसून घेण्यात दोन दुपारी गेल्या.

टायर बसवणारे काका म्हणाले, “पुढे जेव्हा दोनच बदलाल, तेव्हा नवे पुढेच घाला हं, गाडी पुढून ओढते ना!” मी त्यांना सांगितले, “काका, नवे मागेच घालायचे.” पुढची चाके पाण्यावर तरंगली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी करून सावरता येते, मागची तरंगली तर गाडी गरकन फिरते, आणि आंबा घाटात फिरायला जागा नाही.

हवेबाबत मी काटेकोर आहे. नासाने १९६० च्या दशकात विमानाच्या टायरसाठी मांडलेल्या सूत्रानुसार, नक्षीच्या खोलीपेक्षा जास्त पाणी असल्यास ३३ पीएसआयचा टायर ताशी सुमारे ९६ किलोमीटरला, तर २८ पीएसआयचा सुमारे ८८ ला तरंगू लागतो. मोटारीला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नसले, तरी कमी हवेचा धोका त्यातून स्पष्ट दिसतो. म्हणून दर रविवारी सकाळी गाडी थंड असताना हवा तपासतो. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर असली, तरी मे महिन्यात नक्षी ३ मिलिमीटरच्या खाली गेलेली आढळली, तर तो टायर मी पावसाळ्यात वापरणार नाही.

आतापर्यंत १,८०० किलोमीटर झाले आहेत. पहिल्या मोठ्या पावसात साखरप्याच्या पुढची चढण चढताना, मातीच्या पट्ट्यावरून जाताना स्टिअरिंग हलके झाले नाही. पूर्वी तिथे दर वेळी होत असे. पुढच्या टायरची नक्षी बाहेरच्या बाजूला ७.२ आणि आतल्या बाजूला ७.० मिलिमीटर भरली. हा फरक अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांच्या कोनांच्या जुळणीचा असावा, म्हणून गणपतीच्या आधी ते तपासून घेणार आहे.