मुलं शिकली हे कळतं कसं?

साताऱ्याला गेले की हा प्रश्न ठरलेला. आमच्या वन्सं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. पहिल्याच चहाला विचारतात, "वहिनी, तुमच्या त्या शाळेत ना पहिला नंबर, ना शेकडा गुण. मग मुलं शिकली हे कळतं कसं? आणि तुम्ही तिथं मीटिंगांना बसून करता काय?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहिते.

मी मिनेसोटात राहते. अमेरिकेतला पहिला चार्टर शाळांचा कायदा याच राज्याने 1991 मध्ये केला आणि पहिली शाळा 1992 मध्ये इथल्याच सेंट पॉल शहरात उघडली. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की चिठ्ठ्या टाकतात. इतर सरकारी शाळांचे बरेच नियम तिला लागू होत नाहीत, पण त्या बदल्यात करार लिहून द्यावा लागतो: आमची मुलं अमुक इतकी शिकतील. नाही शिकली तर कराराचं नूतनीकरण होत नाही आणि शाळेला कुलूप लागू शकतं. शाळेच्या मंडळावर एक शिक्षक, एक पालक आणि एक बाहेरचा माणूस असावाच लागतो. ती बाहेरची मी. पेशाने अकाउंटंट, त्यामुळे आकडे माझ्या गळ्यात.

पहिल्याच वर्षी आम्ही मोठ्या उत्साहात एक ध्येय लिहिलं: तिसरीतली 60 टक्के मुलं राज्याच्या वाचनपरीक्षेत अपेक्षित पातळी गाठतील. वाचायला छान वाटतं ना? तिसरीत मुलं होती 22. निकाल लागला तेव्हा पातळी गाठली 13 जणांनी. म्हणजे 59 टक्के. तक्त्यात शेरा आला, 'ध्येय अपूर्ण'. घरी येऊन कॅल्क्युलेटर काढला. बावीसचे साठ टक्के म्हणजे तेरा पूर्णांक दोन दशांश मूल! या कागदावर सही मी केली होती, आणि पोटासाठी लोकांचे हिशेब मीच तपासते. इतक्या छोट्या वर्गात एक मूल म्हणजे साडेचार टक्के. परीक्षेच्या दिवशी एकाला ताप आला की शाळेची इभ्रत खाली.

पण खरी बोच वेगळी होती. फेब्रुवारीत शिक्षकांच्या खोलीत एक यादी लागली. रेषेच्या जरासं खाली असलेल्या सहा मुलांची. जादा तास त्यांनाच, कारण तीच रेषा ओलांडून टक्का वाढवणार. फार खाली असलेल्यांना कितीही शिकवलं तरी तक्त्यात फरक दिसणार नव्हता. त्यांत एक सोमाली मुलगा होता, आदल्या वर्षी केनियातल्या निर्वासित छावणीतून आलेला. सप्टेंबरात त्याला अक्षरांचे आवाजही नीट येत नव्हते. मे महिन्यात तो मला शाळेच्या लायब्ररीत बेडकाची गोष्ट वाचून दाखवत होता, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून. अडला की वर बघायचा नाही, तोच शब्द पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा. राज्याच्या निकालात मात्र तो सगळ्यात खालच्या गटात. बाईंनी वर्षभर जे केलं त्याची किंमत आमच्या करारानुसार शून्य.

म्हणून पुढच्या करारात आम्ही पातळीबरोबर वाढही धरली. त्यासाठी मॅप नावाची परीक्षा वर्षातून दोन-तीनदा घेतो. ती संगणकावर असते आणि मुलाप्रमाणे बदलते: उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. साधारण निम्मे प्रश्न सगळ्यांचेच चुकतात, त्यामुळे हुशार मुलं कधीकधी रडत बाहेर येतात. कोणी न वाचताच भराभर टिचक्या मारायला लागलं तर परीक्षा आपोआप थांबते. गुणांची तिची स्वतःची मोजपट्टी आहे: 2020 च्या मानकांप्रमाणे, म्हणजे देशभरच्या मुलांच्या सरासरीप्रमाणे, तिसरीच्या मुलाचा गणिताचा आकडा वर्षाच्या सुरुवातीला 188 च्या आसपास आणि शेवटी 201 होता. त्यामुळे मूल कुठून निघालं आणि कुठवर आलं ते दिसतं. तिसरी ते पाचवीची मुलं आम्ही एकत्र मोजायला लागलो, निदान एका मुलाच्या तापाने टक्का कोसळणं तरी कमी झालं.

वन्संना हे सांगितलं तर त्या हसल्या. "म्हणजे आमची सुरुवातीची पायाभूत चाचणी आणि नंतरची संकलित चाचणीच की! आणि पायाभूतला मुलं कमी पडली की वाढ छान दिसते, हे तिथं अजून कुणाच्या लक्षात आलं नाही?" आलंय. म्हणून सप्टेंबरातली परीक्षा सुट्टीनंतरच्या पहिल्याच पेंगुळलेल्या आठवड्यात घ्यायची नाही, असं ठरवलंय. तेवढ्याने भागतं असं मी म्हणणार नाही.

मग त्यांनी विचारलं, "त्या बेडकाच्या गोष्टीवाल्या पोराचं काय झालं?"

तो चौथीत गेला. मध्येच फेब्रुवारीत त्याच्या वडिलांना दुसऱ्या गावी काम मिळालं आणि घर हललं. वाढ मोजायची तर सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही आकडे लागतात. त्याचा आमच्याकडे सुरुवातीचाच आहे. नव्या करारात तो कुठेच मोजला गेला नाही.