आमची वाटचाल : वायर, झिरी आणि उधारी

सातपूरच्या आयटीआयमधून वायरमन झालो, तीन वर्षं एका कॉन्ट्रॅक्टरकडे राबलो आणि मग मी आणि माझा पार्टनर, दोघांत मिळून एक स्कूटर, एक शिडी आणि सेकंडहँड मेगर एवढ्यावर धंदा टाकला. मेगर म्हणजे वायरीचं इन्सुलेशन धड आहे का ते बघायचं मशीन, हातानं फिरवायचा, 500 व्होल्टचा, आमच्या लाईनीतल्या लोकांना माहितीये. आता डिजिटल पण घेतलाय, पण हॅण्डल गरागरा फिरवून काटा वर चढताना बघायची मजा त्यात नाही राव.

लोकांना वाटतं या धंद्यात त्रास म्हणजे शॉक. तो बसतोच, सगळ्यांना बसतो. खरी बोंब अशी की टाईल्सवाल्याचं काम दिसतं, पेंटरचं दिसतं, आमचं भिंतीत गाडलं जातं, दोन-दोन महिने झिरी मारून, म्हणजे वायरीच्या पाईपसाठी भिंत खोदून, धूळ खायची, गुडघ्यांची वाट लावायची आणि शेवटी मालक स्विच दाबून म्हणणार, एवढ्याशा कामाचे एवढे?

पार्टनर तोवर वेगळा झाला होता. पॉईंटला माझ्यापेक्षा कमी रेट लावायचा, अडीच एमएमच्या जाड वायरीच्या जागी दीडची बारीक ओढली की परवडतंच की. 2012 ला पाथर्डी फाट्याला चोवीस फ्लॅटची बिल्डिंग मी केली, टेस्ट रिपोर्टला नाव माझं. नंतर बोअरच्या पंपाचं आणि लिफ्टचं जादा काम बिल्डरनं गुपचूप त्याला दिलं. त्यानं मीटरचं पॅनल उघडलं, न्यूट्रल लिंकवरची, म्हणजे सगळ्यांचे न्यूट्रल एकत्र जोडतात त्या पट्टीवरची, मेन वायर हलवली आणि स्क्रू अर्धवट आवळून सोडला. आठ दिवसांनी, संध्याकाळी सगळ्यांचे टीव्ही चालू असताना, न्यूट्रल सुटला. तीन फेजपैकी ज्या फेजवर लोड कमी तिथं 230 व्होल्टचे पार चारशेच्या घरात गेले असणार. फ्रीज, टीव्ही, सेटटॉप बॉक्स, सगळं खलास. लोक खाली जमले, पहिला प्रश्न, वायरमन कोण?

मी गेलो तेव्हा लिंक काळी पडून एका बाजूनं वितळली होती आणि स्क्रू बोटानं फिरत होता. फोटो काढला, बिल्डरला दाखवला, त्यानं मोबाईलकडे बघितलं सुद्धा नाही. 3 लाख 80 हजार होल्ड केले ते आजतागायत होल्डच आहेत. मेन रोडच्या दुकानाची उधारी फेडायला बायकोच्या पाटल्या गेल्या. हाताखालची दोन पोरं काम सोडून गेली, एक तर थेट पार्टनरकडे.

त्या दिवसांत सराफ बाजारामागचे गिरणीवाले अण्णा नसते तर दुकान बंद झालं असतं. माणूस कडक, कामाचे पैसे त्याच दिवशी, वर ज्वारीचं पीठ. 2016 च्या ऑगस्टमध्ये गंगेला, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीला, पूर आला, गिरणीत कंबरभर पाणी, दहा एचपीची मोटर गाळात. दुसरा एक वायरमन म्हणाला रिवाइंडिंगच करा, म्हणजे आतली सगळी तार नवी गुंडाळा. मी मोटर खोलली, धुतली, दोनशे वॅटचे बल्ब लावून वाळत ठेवली. पहिल्या दिवशी मेगरचा काटा शून्यावर, दुसऱ्या दिवशी जरा हलला, तिसऱ्या दिवशी दोन मेगओहम, म्हणजे मोटर वाचली. अण्णा काट्याकडे बघत बसायचे, जसं काही दूध उतू जाणारे. मोटर अजून चालू आहे.

मधली वर्षं सरळ गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

बरं, विषय निघालाच आहे तर, ईएलसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) सारखी पडते म्हणून काढून टाका असं सांगणाऱ्याला घरात घेऊ नका, ती 30 मिलिअँपिअरला पडते ते तुमच्या जिवासाठी. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता, नुसता कोळसा-मीठ टाकून भागत नाही, जमीन वाळली की अर्थिंग नावालाच राहतं. कोणी करत नाही, मला माहितीये.

पार्टनरचं आता गंगापूर रोडला काचेचं ऑफिस आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, डिजिटल बिघडलाय, तुझा जुना मेगर दोन दिवस दे. दिला. पंधरा दिवसांनी परत आला, एक लीड तुटलेली.