शिश्किनचं जंगल, पाचवा आठवडा: अस्वलं खरवडली

काल रात्री पॅलेट नाइफ (रंग कालवायची बोथट सुरी) घेतली आणि चारही अस्वलं खरवडून काढली. तीन रविवारांचं काम! सर्वांत खालचा थर वाळून घट्ट झाला होता, तो सँडपेपरने घासावा लागला.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी: रशियन चित्रकार इव्हान शिश्किनच्या ‘पाइनच्या जंगलातली सकाळ’ (१८८९) या चित्राची नक्कल करतेय. मूळ चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे, १३९ बाय २१३ सेंटिमीटरचं. माझा कॅनव्हास १८ बाय २८ इंच, म्हणजे लांबी-रुंदीत साधारण एक तृतीयांश.

बिघडलं ते माझ्या हौसेनं. सगळ्यात बारीक ब्रश घेऊन अस्वलांचा केस न् केस रंगवत बसले. अस्वलं झकास उठली आणि मागचं जंगल पार सपाट पडलं. मूळ चित्रात उजवीकडचं पिल्लू तुटक्या खोडावर दोन पायांवर उभं राहून धुक्यात बघतं, आणि त्याच्यामागोमाग आपलीही नजर आत जाते. ‘मिश्का कोसोलापी’ नावाच्या रशियन चॉकलेटच्या कागदावर हीच अस्वलं असतात. माझं पिल्लू त्या कागदावरून कापून चिकटवल्यासारखं दिसत होतं.

गंमत म्हणजे ही अस्वलं शिश्किनची नाहीतच. ती त्याचा मित्र कॉन्स्टन्टिन साव्हित्स्की याने रंगवली. चित्रावर दोघांच्याही सह्या होत्या. ज्याच्या नावाची ती गॅलरी, त्या संग्राहक पावेल त्रेत्याकोव्हने चित्र विकत घेतलं आणि साव्हित्स्कीची सही काढून टाकली. दुसऱ्याच्या जंगलात चार जनावरं इतकी बेमालूम मिसळणं काय असतं, हे आता कळल्यावर मला तरी तो अन्यायच वाटतो.

असो, धुकं मात्र जमतंय. आधी पांढऱ्यात काळा मिसळत होते, तर राख फासल्यासारखं दिसायचं. आता अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा करडा करून त्यात भरपूर पांढरा घालते, शेंड्यांकडे जाताना थोडा यलो ओकर, म्हणजे मातकट पिवळा. ऊन वरच्या फांद्यांवर आहे, खाली अजून गारवा आहे. दूरची खोडं ओल्या थरातच ओढायची आणि कोरड्या हॉग ब्रशने (डुकराच्या राठ केसांचा) कडा हलकेच पुसायच्या.

खोडांतही एक चूक सापडली. तिकडच्या पाइनची साल बुंध्याशी करडी-तपकिरी, भेगाळलेली असते. वर जाता जाता ती नारिंगी आणि पापुद्र्यांची होते. मी शेंड्यापर्यंत एकच तपकिरी ओढला होता. शिश्किन झाडांचा इतका बारकाईने अभ्यास करायचा की त्याच्या खोडावर अंदाजपंचे रंग चालतच नाही.

अंबर हा तपकिरी रंग दोन-तीन दिवसांत वाळतो, पण टायटॅनियम व्हाइटचं हे धुकं आठवडा झाला तरी बोटाला लागतंय. ते धरलं की अस्वलं पुन्हा: आधी नुसते गडद आकार, कडा मऊ, आणि केस फक्त आईच्या पाठीवर, तेही सगळ्यात शेवटी. तोवर तुटक्या खोडाच्या ढलप्या रंगवायला घेते.